गच्चीवरचं सीताफळ

अंधेरी-बोरिवलीकडे रोपं विकणाऱ्यांकडे हल्ली सफरचंदाचं कलमही मिळतं. ‘गरम हवेत येणारं सफरचंद’ म्हणून ते विकलं जातं. या जातीमागची गोष्ट खरी आणि आदर वाटावा अशी आहे. हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल भागात फळ देणारी सफरचंदाची जात निवडून वाढवली. ‘एचआरएमएन-९९’ या नावाने ती देशभर पोचली आणि २०२५ साली शर्मांना पद्मश्री मिळाली. इस्रायलची ‘ॲना’ आणि बहामा बेटांवरची ‘डॉर्सेट गोल्डन’ याही कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती. त्यामुळे मुलुंडच्या गच्चीवर सफरचंद का येऊ नये, असं कोणालाही वाटणं साहजिक आहे.

तरी रोप घेण्याआधी एक आकडा लक्षात घ्या. काश्मीर-सिमल्याच्या नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात साधारण सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. त्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. ‘ॲना’सारख्या जातीचं दोन-तीनशे तासांवर भागतं. आपल्या सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. म्हणजे उपनगरातल्या त्या सर्वांत गारठलेल्या पहाटेसुद्धा पारा सात अंशांखाली उतरला नव्हता. थंडीविना चालवून घेणारी जात आणली तर झाड जगेल, पालवी येईल, एखाद्या वर्षी फुलंही दिसतील. पण खाण्याजोगं, गोड, करकरीत फळ दरवर्षी मिळेल ही आशा धरू नका. आणि हिवाळ्यातून झाड निभावलं तरी पुढे आपल्या पावसाळ्याची दमट हवा त्याला सोसत नाही.

हौस म्हणून लावायचं असेल तर जरूर लावा. मात्र गच्चीवर जागा एकाच मोठ्या कुंडीची असेल आणि त्या कुंडीतून जेवणानंतर वाटीत घेऊन खाण्याचं फळ हवं असेल, तर माझं मत पक्कं आहे: सीताफळ लावा.

सीताफळ मूळचं उष्ण अमेरिकेतलं, पण महाराष्ट्रात ते इतकं रुजलंय की दौलताबादच्या किल्ल्याभोवती आणि बीड जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर ते आपोआप उगवतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुरंदर तालुक्याचं तर हे ओळखीचं पीक, सासवडच्या बाजारातून निघालेला माल नवरात्राच्या आगेमागे आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या हातगाड्यांवर येतो. उपनगराचा या फळाशी आणखी एक जिव्हाळ्याचा धागा आहे. १९८४ साली रघुनंदन कामत यांनी जुहूला ‘नॅचरल’ आइस्क्रीम सुरू केलं, तेव्हा पहिल्या मोजक्या स्वादांत सीताफळ होतं. आज मुंबईत आइस्क्रीम म्हटलं की सीताफळ आठवणारी एक अख्खी पिढी आहे. ते फळ आपल्याच गच्चीवर धरता येतं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

जातींबद्दल फार डोकं खाजवू नका. ‘बालानगर’ घ्या. तेलंगणातल्या बालानगरची ही जात आता महाराष्ट्रभर आहे. झाड आटोपशीर राहतं, फळाचे डोळे मोठे आणि ठसठशीत असतात, गर भरपूर आणि गोड. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले पुरंदर’ मिळाली तर तीही उत्तम. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेली ‘एनएमके-१ गोल्डन’ ही जात शेतकऱ्यांत फार चालते, फळ मोठं आणि टिकाऊ. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का सहन’ हा संकर बियांना कमी आणि फळाला जड, पण मी तो दुसरं झाड म्हणून सुचवेन. घरी खाल्लेल्या फळाची बी लावूनही झाड येतं. मात्र फळाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं आणि फळ कसं निघेल याची खात्री नसते. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळावर येतं. विकत घेताना कलमाचा सांधा बोटाने चाचपून बघा, आणि सांध्याच्या खालून फुटलेला फुटवा असेल तर तो काढून टाका.

आता जागेचा प्रश्न, आणि उपनगरात तोच मोठा. या झाडाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. दोन इमारतींच्या फटीतून सकाळी तासभर ऊन येणाऱ्या गॅलरीत सीताफळ लावू नका. पानं भरपूर येतील, फळ येणार नाही. वर्सोव्याकडे समुद्रासमोरच्या गच्चीवर खारा वारा पानं करपवतो, तिथे पाण्याच्या टाकीचा किंवा जिन्याच्या खोलीचा आडोसा बघा. सोसायटीच्या आवारात जमिनीत लावायला जागा असेल तर भाग्यच, पण तिथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार आवारातलं मोठं झालेलं झाडसुद्धा मनाला येईल तसं तोडता येत नाही, छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी विचारावी लागते. आणि निम्म्या उपनगरात पुनर्विकास दाराशी आहे. इमारत पाडायची वेळ आली की जमिनीतलं झाड सोबत नेता येत नाही, ड्रममधलं नेता येतं. म्हणून मी ड्रमच्या बाजूचा आहे.

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा अर्धा कापला की दोन झाडांची सोय होते. तळाला अंगठा जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा आणि बुडाजवळ बाजूनेही चार पाडा. ड्रम थेट गच्चीवर टेकवू नका, विटांवर ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि गळतीरोधकाचा थरही खराब होणार नाही. माती भरून, पाणी पिऊन हा अर्धा ड्रम सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जातो. तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या किंवा खांबाच्या रेषेवर ठेवा. कमिटीची परवानगी लेखी घ्या, पुढचे वाद वाचतात. जुन्या इमारतीत आधी एखाद्या जाणकार अभियंत्याला विचारून घेतलेलं बरं.

नुसती लाल माती भरली तर दोन पावसाळ्यांत ती दगडासारखी बसते आणि मुळं गुदमरतात. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा पानांचं खत, त्यात फुटक्या विटांचे तुकडे आणि दोन मुठी निंबोळी पेंड, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचं वाटतं. पानांचं खत विकत आणायची गरज नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून घराघरांत हेच रुजवलं, की पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा ही शहरातली माती आहे. सोसायटीचा झाडूवाला रोज सकाळी जी वाळकी पानं पोत्यात भरून टाकतो, ती मागून घ्या. जाळीच्या पिंपात भरून, मधूनमधून ताक-पाणी शिंपडून ठेवली की काही महिन्यांत काळं, हलकं खत तयार होतं.

लावायची वेळ जूनअखेर ते जुलै. पाऊस स्थिरावला की हवा दमट असते आणि कलमाला धक्का बसत नाही. लावताना सांधा मातीच्या वर राहील हे बघा आणि काठीचा आधार द्या, कारण जुलैतला गच्चीवरचा वारा कोवळं खोड सहज मोडतो. सीताफळ पाण्यावाचून दिवस काढेल, पण साचलेल्या पाण्यात जगणार नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो. बीड-पुरंदरचं हे झाड तेवढ्या पावसाचं नाही. म्हणून संततधार लागली की रोज ड्रमखाली हात घालून पाणी निघतंय ना हे बघा. भोकं मुळांनी किंवा गाळाने बुजली असतील तर सळईने मोकळी करा. ड्रमखाली बशी मुळीच ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस देते, आणि ती योग्यच आहे.

पहिल्या वर्षी फळाचा विचार सोडून द्या. खोड गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, चारी दिशांना तीन-चार फांद्या वाढू द्या, आतल्या बाजूला गर्दी करणाऱ्या काढा. झाड छातीएवढ्या उंचीचं ठेवलं तर पुढची सगळी कामं हाताशी येतात.

सीताफळाचं वर्ष आपल्या सवयीपेक्षा वेगळं चालतं. दिवाळीनंतर फळं संपतात, पानं पिवळी पडू लागतात. तिथून पाणी हळूहळू कमी करा. जानेवारी-फेब्रुवारीत झाडाला ताण द्या, म्हणजे मुळं जिवंत राहतील इतकंच पाणी, आठ-दहा दिवसांतून एकदा. झाड उघडंबोडकं दिसू लागलं की नवखे घाबरून बादलीभर पाणी ओततात. तसं करू नका, ही त्याची झोप आहे. फेब्रुवारीअखेरीला किंवा मार्चच्या सुरुवातीला गेल्या वर्षीच्या फांद्या साधारण एक तृतीयांश छाटा. मग राहिलेली पानं एकेक करून हाताने काढा. याला कारण आहे. बहुतेक झाडांत नवा डोळा पानाच्या बेचक्यात उघडा दिसतो. सीताफळात तो देठाच्या फुगीर बुडाखाली झाकलेला असतो. देठ गळेपर्यंत त्याला फुटायला वाट नसते. पान हलक्या हाताने खाली ओढलं की देठ निघतो आणि त्याच्या जागी बारीक, मऊ लव असलेला डोळा दिसतो. पंधरा-वीस दिवसांत त्याच डोळ्यांतून पालवी येते आणि पालवीबरोबर कळ्या.

छाटणीनंतर वरची दोन इंच माती खरवडून काढा, तिथे दोन-तीन किलो खत आणि मूठभर राख घाला आणि पाणी वाढवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब तापतो आणि ड्रमच्या कडेची मुळं अक्षरशः भाजतात. ड्रमला गोणपाट गुंडाळा, मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं जाड थर द्या. पुढे सप्टेंबरपर्यंत महिन्याला दोन ओंजळी गांडूळखत पुरतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. गच्चीवरच्या सीताफळाला फुलं येतात आणि गळून जातात, ही सर्वांची तक्रार. खतं बदलली जातात, औषधं मारली जातात, शेवटी झाडच वांझ आहे असं ठरवलं जातं. झाडात खोट नसते. सीताफळाचं फूल उमलताना आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. मधल्या स्त्रीकेसरांची वेळ संपत येते तेव्हा पुंकेसर परागकण सोडतात. त्यामुळे फूल स्वतःच स्वतःला फळवू शकत नाही. निसर्गात हे काम वासाने ओढले जाणारे अगदी बारीक भुंगेरे करतात, एका फुलातून दुसऱ्यात शिरून. सिमेंटच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर हे भुंगेरे फारसे पोचत नाहीत. ते काम आपण करायचं. हे जमलं की सीताफळ जमलं.

लहान मुलांच्या रंगपेटीतला मऊ केसांचा बारीक कुंचला आणि एक छोटी कोरडी डबी घ्या. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान झाडाजवळ जा. हिरवट पिवळ्या, जाडसर तीन पाकळ्यांची फुलं खाली मान घालून लोंबत असतात. ज्या फुलाच्या पाकळ्या पूर्ण फाकल्या आहेत आणि आतले पुंकेसर पांढुरक्यावरून तपकिरीकडे झुकून सुटे झाले आहेत, ते नर अवस्थेतलं. डबी खाली धरून त्याला टिचकी मारा. पुंकेसर आणि फिकट पिवळी भुकटी डबीत पडेल. आता अशी फुलं शोधा की ज्यांच्या पाकळ्या जेमतेम फुटल्या आहेत, टोकं अजून जवळजवळ आहेत. पाकळी दोन बोटांनी हळूच बाजूला केली की मध्यभागी एक छोटा शंकू दिसतो, ओलसर आणि चमकदार. ते मादी अवस्थेतलं. कुंचला भुकटीत बुडवा आणि त्या शंकूवर चहूबाजूंनी फिरवा. चहूबाजूंनी हा शब्द महत्त्वाचा. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे शंकूवरच्या एकेका स्त्रीकेसराचं फळ. एका बाजूला पराग लागला नाही तर ती बाजू वाढत नाही आणि फळ वाकडं, लंगडं होतं. बाजारात वाकडी सीताफळं दिसतात त्यांचं मोठं कारण हेच.

त्या सकाळी दोन्ही प्रकारची फुलं मिळाली नाहीत तर आदल्या संध्याकाळी पूर्ण उमलत आलेली फुलं काढून कागदावर पसरून ठेवा, सकाळी भुकटी मिळते. जमलेल्या फुलाच्या पाकळ्या दोन-तीन दिवसांत गळतात पण देठ हिरवा राहतो, आणि आठवड्याभरात मिरीएवढी हिरवी गाठ दिसू लागते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात बरीच फुलं गळतील, तिकडे लक्ष देऊ नका. मेअखेर ते जुलै ही आपल्याकडची खरी वेळ, हवेत दमटपणा असतो आणि स्त्रीकेसर जास्त वेळ ओले राहतात. धो धो पावसात मात्र पराग धुऊन जातो, म्हणून उघडीप मिळाली की ती सकाळ वाया घालवू नका. पहिल्या बहरात चार-पाच फळंच ठेवा. पुढे झाड जाणतं झालं की ड्रममधल्या झाडावर दहा-बारा फळं झेपतात. त्याहून जास्त ठेवली तर सगळीच लहान राहतात.

किडींत एकच पक्का शत्रू: पिठ्या ढेकूण ही कीड. फळाच्या डोळ्यांच्या खाचांत, देठाशी पांढरा कापूस दिसला की ती आली समजा. तिला झाडभर नेतात मुंग्या, कारण तिच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. म्हणून आधी मुंग्या थोपवा: खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, आणि फांद्या भिंतीला टेकू देऊ नका. दिसलेली कीड जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडूनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. पावसाळ्यात काही फळं काळी पडून फांदीवरच वाळतात. तो बुरशीचा रोग आहे. अशी फळं लगेच काढून ओल्या कचऱ्यात टाका, ड्रममध्ये नकोत. फळ लिंबाएवढं झालं की त्याला सुती कापडाची सैल पिशवी बांधा. फळमाशी, खार, पोपट या सर्वांपासून बचाव होतो. बोरिवली-मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वटवाघळं आणि माकडंही येतात. वटवाघळांना पिशवी पुरते, माकडांपुढे जाळीच हवी.

फूल धरल्यापासून साधारण चार महिन्यांनी फळ तयार होतं. डोळे फुगून एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या खाचा हिरव्याच्या पांढुरक्या-पिवळट दिसू लागतात. तेव्हा देठासकट कात्रीने कापा. घाईने हिरवंच तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडून सुकतं. झाडावर पूर्ण पिकू दिलं तर फुटतं. काढलेलं फळ तांदळात किंवा टोपलीत कागदावर ठेवलं की तीन-चार दिवसांत मऊ होतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. पिकलेलं एक-दोन दिवस चालतं.

नुसतं फोडून चमच्याने खाणं हाच याचा पहिला मान. पण चार-पाच फळं एकदम पिकली तर गर काढून ठेवा. गर आणि अर्धी वाटी थंड दूध पातेल्यात घेऊन लाकडी रवी हळूहळू फिरवा. बिया सुटतात, मग मोठ्या भोकांच्या चाळणीतून दाबून गाळा. मिक्सर अजिबात नको. बी फुटली की गर कडू होतो, आणि बियांची पूड विषारी असते, डोळ्यांत गेली तर गंभीर इजा करते. डोक्यातल्या उवांवर ती लावायची जुनी पद्धत होती, तीही सोडून द्या. गर लवकर काळवंडतो. लिंबाचे चार थेंब घालून छोट्या डब्यांत भरून गोठवला तर रंग आणि वास टिकतो. एकदा वितळलेला डबा पुन्हा गोठवू नका.

बासुंदी करायची तर एक नियम पाळा: सीताफळाला आच लागू द्यायची नाही. तापवलं की गर कडवट होतो. लिटरभर म्हशीचं दूध आटवून निम्म्याच्या जरा वर आणा, दोन-तीन चमचे साखर पुरे, फळच गोड असतं. दूध फ्रीजमध्ये पूर्ण गार करा आणि वाढायच्या अर्धा तास आधी दोन फळांचा गर घालून हलक्या हाताने ढवळा. वेलची, केशर, जायफळ काही घालू नका. सीताफळाचा वास इतका नाजूक आहे की वेलचीपुढे तो उरत नाही.

कलम खात्रीच्या ठिकाणाहूनच आणा: राहुरी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची रोपवाटिका, डहाणूजवळच्या कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर शासनमान्य रोपवाटिका. जातीचं नाव पावतीवर लिहून घ्या. ड्रम आणि माती मेमध्येच तयार ठेवा, म्हणजे पाऊस लागला की त्याच आठवड्यात कलम लावता येईल. आणि फुलं येतील त्या वर्षी रोज सकाळची दहा मिनिटं झाडासाठी राखून ठेवा, कुंचला हातात घेऊन.